उरलेल्या गोळ्या

ड्रॉवर अर्ध्यावर अडकला. चंद्रशेखरने आत हात घालून मागे अडकलेलं काहीतरी ओढलं, तर हातात गोळ्यांची पट्टी आली. अर्धीच. पाच गोळ्या, कात्रीने कापलेल्या, आणि काप तिरका गेलेला, इतका की सहाव्या गोळीच्या खळग्याचा एक कोपरा इकडेच राहून गेला होता. सकाळचे सव्वाआठ वाजले होते. त्याला हवी होती ॲसिडिटीची गोळी. उठल्यापासून घशाशी आंबट येत होतं. अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात असतो तसा हा ड्रॉवर. पुण्याहून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेतून, भाजणीच्या आणि मेतकुटाच्या पिशव्यांमध्ये खोचून, पोटाच्या, तापाच्या, कंबरेच्या गोळ्या यायच्या आणि इथे जमा व्हायच्या. बायको वसुधा गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, त्याने स्वतः तो रिकामा केला होता. म्हणजे केला असं तो धरून चालला होता. पट्टी मागच्या फटीत सरकून बसली होती ती नेमकी आज वर आली. त्याने ती उलटी केली. चंदेरी बाजूवर औषधाचं नाव, बॅच नंबर, मुदत संपल्याची तारीख. पट्टी कापली की तारीख एकाच्याच वाट्याला येते, दुसऱ्याला नुसत्या गोळ्या. ही तारखेची बाजू त्याच्याकडे राहिली होती.

दुसरी बाजू त्याने पाहिली होती, गेल्या मार्चमध्ये, वर्तमानपत्रातल्या फोटोत. पारदर्शक पिशवी, वर पुराव्याचा क्रमांक, आत अर्धी पट्टी, दोन गोळ्या शिल्लक, आणि एक कड तिरकी. तेव्हा त्याने पेपर घडी करून बाजूला ठेवला होता. म्हटलं, जगात रोज लाखो पट्ट्या कापल्या जातात, वाकडं कापणारे हात काय कमी आहेत? चाळीस वर्षं हा माणूस आधी वकील, मग आमदार, मग न्यायाधीश. शंका कशी पेरायची, कशी वाढवायची, तिला पाणी कसं घालायचं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. आठ महिने त्याने ती स्वतःच्या डोक्यात जोपासली होती, आणि आता ती पाच गोळ्यांनी एका झटक्यात उपटून काढली. तळहातावर ठेवून तो त्या कडेकडे बघत राहिला. आज दहा वाजता, त्याच्या स्वतःच्या कोर्टाच्या दोन मजले खाली, जज मेरिडिथच्या कोर्टात नीलांबरी देवस्थळीला शिक्षा सुनावली जाणार होती. पाच वर्षं. एक दिवस कमी नाही, कारण कायदा कमी करू देत नव्हता. आणि कायदा चंद्रशेखर हळबेने लिहिलेला होता.

त्याने पट्टी कोटाच्या आतल्या खिशात टाकली. का टाकली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. कचऱ्याच्या डब्यात टाकता आली असती. सिंकमधल्या कचरा दळणाऱ्या जात्यात टाकून बटण दाबलं असतं तर दहा सेकंदांत काम झालं असतं. पण पुरावा हाताशी आला की तो नष्ट करायचा नाही, ही सवय इतकी जुनी होती की हाताने डोक्याला विचारलंच नाही. अमेरिकेतल्या या डब्लिनमधला हा रस्ता नोव्हेंबरात अगदी गप्प असतो. शेजाऱ्याच्या लॉनवर पानं गोळा करणाऱ्या मशीनचा आवाज, बस. गाडी गॅरेजमधून काढताना गुडघ्यातून कळ गेली आणि त्याने दात आवळले.

नीलांबरी म्हणजे अतुलची बायको. आणि अतुल म्हणजे विद्यापीठाच्या दिवसांतला रूममेट, चंद्रशेखरला शेखर म्हणणारा. हे दोघं आणि आणखी एक मराठी मुलगा, अशा तिघांनी मिळून भाड्याने घेतलेली जागा, शेवटची कॅम्पस बस चुकली की बर्फातून दोन मैल चालत, आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर एक निळा बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्या डब्यात तिघांच्या आयांनी दिलेली औषधं एकत्र. कुणाच्या नावाची कुठली, हे पहिल्या हिवाळ्यातच पुसलं गेलं. शेखरला ताप आला की अतुलच्या आईची गोळी, अतुलची कंबर धरली की शेखरच्या आईचं तेल. औषध आणि लोणचं एकट्याने खायचं नसतं, असं अतुल म्हणायचा आणि डबा पुढे सरकवायचा. इंजिनिअरिंग करायला आलेला शेखर दीड वर्षात तिथून उठून लॉ स्कूलला गेला तेव्हा साताऱ्याहून वडिलांचं पत्र आलं. वडील जिल्हा कोर्टात शिरस्तेदार, उभं आयुष्य न्यायाधीशाच्या पायाशी टेबल मांडून बसलेले. त्यांनी लिहिलं होतं, वकीलच व्हायचं होतं तर समुद्र कशाला ओलांडलास, इथे चिंचेच्या झाडाखाली पन्नास बसलेत. पत्र वाचून अतुल हसून लोळला होता. आणि पुढे शेखर पहिली निवडणूक लढला तेव्हा हाच अतुल ऑफिसातून रजा टाकून दारोदार पत्रकं वाटत फिरला, नीलांबरी मागच्या सीटवर डबे घेऊन. ती त्याला शेखरभावजी म्हणायची. अजूनही म्हणते. अतुल जाऊन अकरा वर्षं झाली. त्यानंतर ती डबे करते, आणि तळघरातली खोली नव्याने आलेल्या पोरांना भाड्याने देते.

गाडी हायवेला लागली आणि आसावरीचा फोन आला. त्याची मुलगी, दूर प्लेनो शहरात एका मोठ्या कंपनीची वकील. ती मराठी समजते, बोलत नाही. “बाबा, आय बुक्ड द फ्लाइट्स. वेद इज सो एक्सायटेड, ही वॉन्ट्स टू सी आजोबा इन द पेंटिंग.” डिसेंबरात त्याची मुदत संपत होती. सत्तरी आली की या राज्यात न्यायाधीशाला पुन्हा उभं राहता येत नाही. पुढच्या महिन्यात कोर्टाच्या पहिल्या मजल्यावर त्याचं तैलचित्र लागणार होतं, काळा झगा घातलेलं, हातात पुस्तक. तिथल्या भिंतीवर आजवर हळबेसारख्या आडनावाचा कोणी नव्हता. इथल्या मराठी मंडळाची दोनशे माणसं यायची होती. “छान,” तो म्हणाला. मग त्याच्या तोंडून निघालं, “आसावरी, तुला एक विचारू? समजा एखाद्या माणसाजवळ...” मग ती हळू आवाजात म्हणाली, “बाबा, इज धिस अबाउट नीला मावशी? यू रिक्यूज्ड युअरसेल्फ. यू डिड द राइट थिंग. प्लीज, डोन्ट टेल मी एनिथिंग मोअर.” तो या प्रकरणातून आपणहून बाजूला झाला होता, हे खरंच होतं. मुलगी वकील होती, आणि चांगली वकील होती. त्याला तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी तिचा रागही आला. तिला हे शिकवलं कोणी, हे तो विसरू शकत नव्हता. “काही नाही ग,” तो म्हणाला, “हवा खराब आहे, एवढंच.”

कायदा. पंधरा वर्षांपूर्वीची ती दुपार त्याला आठवायची नव्हती, म्हणून ती आठवली. विधानसभेच्या लांब मार्गिकेत आया उभ्या होत्या, प्रत्येकीच्या हातात मेलेल्या मुलाचा किंवा मुलीचा फोटो. नशेच्या गोळ्यांनी गेलेली पोरं. तेव्हा त्याला खरंच रडू आलं होतं, ते नाटक नव्हतं, आणि एवढं एक तरी त्याच्या पदरात टाकायला हवं. त्याने मसुदा लिहिला. परवाना नसताना कोणी दुसऱ्याला असं औषध दिलं, आणि त्याने माणूस मेला, तर पाच वर्षं. विकलं काय, फुकट दिलं काय, फरक नाही, कारण विकणारे फुकटचं सोंग आणतात. थेट दिलं काय, दुसऱ्याच्या हातून दिलं काय, फरक नाही, कारण वरचा मासा नेहमी दुसऱ्याच्या हातून देतो. सगळं चोख. आणि शेवटी एक ओळ, परिस्थिती पाहून न्यायाधीशाला शिक्षा कमी करता येईल. त्या ओळीवर गाडं अडलं. पक्षाच्या पुढाऱ्याने त्याला खोलीत बोलावून सांगितलं, ही ओळ ठेवलीस तर मतं नाहीत. ओळ काढ, कायद्यावर तुझं नाव. चंद्रशेखरने खिशातलं पेन काढून स्वतःच्या हाताने ओळ खोडली. पुढच्या अधिवेशनात परत घालू, म्हणाला. तिच्या जागी एकच फट ठेवली. आरोपीने त्याला औषध कोणी दिलं त्याचं नाव सांगितलं, किंवा देणारा आपणहून पुढे आला, तर शिक्षा न्यायाधीशाच्या हातात. समितीत एका म्हाताऱ्या औषध दुकानदाराने विचारलं होतं, साहेब, एखाद्या आजीने शेजाऱ्याला कंबरेची गोळी दिली तर? सगळे हसले. चंद्रशेखरही हसला. म्हणाला, आजीवर खटला भरणारा सरकारी वकील अजून जन्माला यायचाय. पुढचं अधिवेशन आलंच नाही, कारण त्याआधी न्यायाधीशाची जागा रिकामी झाली आणि गव्हर्नरने त्याला नेमलं. खुर्चीवर बसून त्याने हाच कायदा अकरा वेळा लावला. प्रत्येक वेळी तेच वाक्य, माझे हात बांधलेले आहेत. अकरा जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं की दोरी कोणी वळली. मेरिडिथ नवी होती तेव्हा तिने त्याला विचारलं होतं, मनाविरुद्ध शिक्षा द्यावी लागली तर काय म्हणायचं? त्याने तिला ते वाक्य देऊन टाकलं. छोटं आहे, म्हणाला, आणि खोटंही नाही.

आणि वसुधा. तिच्या हाडांत पसरलं होतं. इथले डॉक्टर दुखण्याच्या कडक गोळ्या मोजून द्यायचे, आणि रात्र मोजून संपत नव्हती, म्हणून तिच्या भावाने पुण्याहून पाठवल्या. नीलांबरी रोज यायची. मऊ भात, लिंबाचं गोड लोणचं, पायाला तेल. वसुधाचं सगळं तिने केलं, नवऱ्याला जे करता येत नव्हतं तेही. वसुधा गेल्यानंतर चौदाव्या दिवशी ती कपाटातल्या साड्यांच्या घड्या घालायला आली होती आणि उठताना कंबरेला हात लावून थांबली. चंद्रशेखरने ड्रॉवरमधून शेवटची पट्टी काढली. “वहिनी, या न्या. पाच तुम्हाला, पाच मला. माझा गुडघा आहेच.” ती म्हणाली, “राहू द्या हो भावजी, सगळ्या तुमच्याकडेच ठेवा.” तो म्हणाला, “औषध आणि लोणचं एकट्याने खायचं नसतं.” अतुलचं वाक्य ऐकून ती दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसली. ती हसली म्हणून त्याचे डोळे भरले, आणि भरल्या डोळ्यांनी त्याने स्वयंपाकघरातली कात्री चालवली. काप तिरका गेला. कायदा लिहिणारा माणूस, कायदा लावणारा माणूस, त्या ओट्यापाशी उभा राहून कायदा मोडत होता आणि त्याच्या मनात काय होतं? काही म्हणजे काही नव्हतं. इतकं साधं होतं ते, वाटीभर विरजण द्यावं तसं.

गेल्या फेब्रुवारीत नीलांबरीच्या तळघरात राहणारा अनय बर्फावर पाठीवर पडला. सव्वीस वर्षांचा, नागपूरचा, नुकतीच नोकरी गेलेली, त्यामुळे विमा नाही, आणि इमर्जन्सीत जाऊन येणाऱ्या बिलाची भीती. नीलांबरीने त्याला अर्धी पट्टी दिली. एक आत्ता घे, एक सकाळी, म्हणाली. पोराने दुखणं थांबेना म्हणून तीन घेतल्या, वर झोपेची गोळी, वर मित्राने आणलेली दारू. सकाळी चहाला हाक मारायला गेली तर अंग गार. पोलीस आले. तिला कोणी विचारायच्या आधीच ती म्हणाली, गोळ्या मी दिल्या. अनयचे आईवडील नागपूरहून आले, कोर्टाला पत्र लिहून गेले की काकूंनी आमच्या मुलाला पोटच्यासारखं सांभाळलं, त्यांना सोडा. पत्र फायलीत लागलं. सरकारी वकील आजी बघत नाही, कलम बघतो. प्रकरण चिठ्ठीने चंद्रशेखरच्याच कोर्टाला आलं होतं. त्याने त्याच दिवशी कागद केला, आरोपीशी जुनी ओळख असल्याने मी हे प्रकरण चालवू शकत नाही. मंडळात सगळे म्हणाले, काय सचोटीचा माणूस. तो कागद सही करताना आपल्याला किती सुटल्यासारखं वाटलं, हे तो कुणालाही सांगणार नव्हता.

दहा दिवसांपूर्वी राधिका त्याच्या घरी आली. राधिका नीलांबरीची वकील, सरकारने दिलेली. कॉलेजात असताना एक उन्हाळा तिने त्याच्याच चेंबरमध्ये काढला होता. “काका, त्या नाव सांगत नाहीयेत. गोळ्या कोणी दिल्या एवढंच सांगायचं आहे. दॅट्स ऑल. जज त्यांना तुरुंगाऐवजी प्रोबेशनवर सोडतील, शी वॉन्ट्स टू. तुम्ही बोला ना त्यांच्याशी. तुमचं ऐकतील.” तो नाही म्हणू शकला असता. पण गेला. रविवारची दुपार, नीलांबरीच्या घरात फोडणीचा वास, ओट्यावर नेहमीसारखे बारा डबे. खटला चालू असतानाही लोक डबे नेत होते आणि ती करत होती. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसली. तिचे केस या आठ महिन्यांत पूर्ण पांढरे झाले होते. त्याने घसा साफ केला आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाला, “वहिनी, गोळ्या कोणी दिल्या ते सांगून टाका. सगळ्यांच्या हिताचं आहे.” तिने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. मूल खोटं सांगत असताना त्याची आई बघते तसं. “तुम्ही म्हणता म्हणून सांगू, भावजी? सांगू का?” बाहेर कुणीतरी गाडी लावली, दार आपटलं. त्याला वाटलं आता आपण बोलू. तोंडात शब्दही आला होता, आला आणि तिथेच बसून राहिला. मग ती म्हणाली, “मी दिल्या ते मी सांगितलं. मला दिल्या ते त्याने सांगावं. दुसऱ्याच्या वाटचं मी कशाला बोलू?” आणि मग, “घ्या, चहा निवतोय.” तो चहा प्याला. पूर्ण कप प्याला. बाहेर येऊन राधिकाला फोन केला, “मी प्रयत्न केला.” त्या तीन शब्दांची लाज त्याला गाडीत बसल्यावर वाटली, घरी पोचेपर्यंत पुरली, आणि झोपेआधी ती कमी करायला त्याने स्वतःला समजावलं की आठवण म्हणजे पुरावा नव्हे. तीन वर्षांपूर्वीची आठवण, त्यात दुःखातल्या माणसाची. कुठलंही कोर्ट तिला उभं करणार नाही.

आता पुरावा कोटाच्या खिशात होता आणि कोट बरगडीला घासत होता. न्यायाधीशांच्या लिफ्टने वर जाण्याऐवजी तो समोरच्या दाराने आत शिरला. मेरिडिथच्या कोर्टात मंडळाची वीसबावीस माणसं आली होती, बायका चांगल्या साड्यांत, जणू कुणाच्या मुंजीला. त्याला पाहून सगळ्यांच्या चेहऱ्यावर उजेड आला. शंतनू, मंडळाचा अध्यक्ष, उठून जागा करून देत म्हणाला, “काका, तुम्ही आलात, फार बरं वाटलं. आता काहीतरी होईल यार.” चंद्रशेखर शेवटच्या बाकावर कडेला बसला. पुढे नीलांबरी, राखाडी स्वेटर, पाठ ताठ. तिने मागे वळून पाहिलं नाही. त्याच्या डोक्यात हिशेबासारखं एकच चालू होतं. उठायचं, चार पावलं, राधिकाच्या टेबलावर पट्टी ठेवायची. कड कडेला लागेल. बस. त्यानंतर काय, तेही त्याला पाठ होतं. थेट किंवा दुसऱ्याच्या हातून, हे शब्द त्याचेच. पाच वर्षं नाही झाली तरी झगा गेला, पेन्शनवर चौकशी, भिंतीवरचं चित्र कुठल्यातरी तळघरात, आसावरीच्या ऑफिसात कुजबुज, वेद विचारणार, व्हॉट डिड आजोबा डू. झाकली मूठ सव्वा लाखाची, वडील म्हणायचे. पण वडील आणखीही काही म्हणायचे. चाळीस वर्षं खालून खुर्चीकडे बघितलेल्या त्या माणसाने एकदा जेवताना म्हटलं होतं, न्यायाधीशाला लोक घाबरत नाहीत रे, त्या लाकडाला घाबरतात. तेव्हा हा पोरगा चिडला होता.

मेरिडिथने फाईल बंद केली. ती नीलांबरीला म्हणाली, कायद्याने मला एकच दार ठेवलं आहे. शेवटचं विचारते, गोळ्या कोणी दिल्या? नीलांबरी उभी राहिली आणि तिच्या डबेवाल्या इंग्रजीत, क्रियापदं गाळत, म्हणाली, मी केलं ते मी सांगितलं, दुसऱ्याचं दुसरा सांगेल. मेरिडिथ म्हणाली, त्याला आठ महिने होते. मग मेरिडिथने नियमाप्रमाणे विचारलं, आरोपीच्या बाजूने आणखी कोणाला बोलायचं आहे? आणि बावीस माणसांच्या माना एकदम मागे वळल्या, शेवटच्या बाकाकडे. राधिकाचीही. मेरिडिथचीसुद्धा. फक्त एक पांढरं डोकं वळलं नाही. चंद्रशेखरचा हात कोटाच्या आत होता, बोटाला ती तिरकी कड टोचत होती. आणि तेव्हा, अगदी वेळेवर, त्याला नियम आठवला. न्यायाधीशाने कोणाच्या चारित्र्याची साक्ष द्यायची नसते. आचारसंहितेतच आहे. त्याने हात रिकामा बाहेर काढला आणि मान हलवली, हळू, जड, दुःखी. लोकांना ते समजलं. शंतनूने त्याच्या खांद्यावर हात ठेवून कुजबुजत म्हटलं, “आय नो काका, तुम्हाला अलाउड नाही.” साक्ष कसली, त्याला कोणी साक्ष विचारली होती? त्याला जे सांगायचं होतं ते चारित्र्य नव्हतंच. हे त्याच्याइतकं त्या खोलीत कोणालाच कळत नव्हतं, आणि नियम मात्र पांघरुणासारखा ऊबदार वाटत होता.

“माझे हात बांधलेले आहेत,” मेरिडिथ म्हणाली. त्याचंच वाक्य, त्याच्याच ठेक्यात, आणि ते म्हणताना तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, शिष्याने गुरूकडे पाहावं तसं. मग आकडा. पाच. कुणीतरी बाई रडू लागली. आणि चंद्रशेखर उभा राहिला. खरोखर उभा राहिला, कुणी न सांगता, गुडघ्यातली कळ डोक्यापर्यंत गेली तरी. तोंड उघडलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की हा माणूस, आत्ता उभा आहे तो, आपल्याला आवडू शकेल. त्याच वेळी पट्टेवाला ओरडला, ऑल राइज. मेरिडिथ उठत होती. बाकांचा खडखडाट झाला आणि खोलीतली सगळी माणसं उभी राहिली, तो त्यांच्यात एक. ती दाराआड गेली. दार बंद झाल्यावरही बोलता आलं असतं. राधिका दहा फुटांवर होती. तो थांबला, म्हणजे नेमका कशासाठी थांबला हे त्याला कळायच्या आत ती वेळ निघून गेली.

नीलांबरीला मागच्या दाराकडे नेताना ती शेवटच्या बाकाजवळून गेली. बायका तिला हात लावत होत्या, कुणी डोळे पुसत होतं. ती त्याच्यापुढे थांबली. हातांत बेड्या होत्या म्हणून नमस्कार अर्धाच झाला. “भावजी,” ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, डबा देताना बोलायची तशी, “गुडघा कसा आहे?”

“बरा आहे,” तो म्हणाला.

तिने मान डोलावली आणि ती गेली. शंतनूची बायको इशिता डोळ्याला पदर लावून म्हणाली, “बघा, अशा वेळी पण दुसऱ्याच्या गुडघ्याची काळजी. अशी माणसं कुठे मिळतात.” बाकीच्यांनी माना हलवल्या. चंद्रशेखरनेही हलवली.

वर, स्वतःच्या चेंबरमध्ये, तो झगा चढवण्याआधी खुर्चीत टेकला. साडेअकराला त्याची स्वतःची यादी होती, सात प्रकरणं, त्यातलं चौथं त्याच कलमाखालचं. गुडघा ठणकत होता. पायऱ्या, आणि इतका वेळ उभं राहणं. त्याने खिशातून पट्टी काढली. मुदत गेल्या वर्षीच संपली होती. थोडा वेळ तो त्या कडेवरून अंगठा फिरवत बसला. मग त्याने एक गोळी खळग्यातून दाबून बाहेर काढली आणि टेबलावरच्या पेल्यातल्या पाण्याबरोबर गिळली. उरल्या चार. पट्टी टेबलाच्या खणात, मागे, कागदांच्या खाली सरकवली. दारावर टकटक झाली. त्याने झग्याची बटणं लावली आणि बाहेर आला. पट्टेवाल्याने हाक दिली, सगळे उभे राहिले, आणि तो खाली बसला.